सफरचंदाच्या पेस्ट्रीतली मिरपूड

नाव: गल्लीत सगळे शिलाईमाई म्हणतात, तेच लिहावे. वय: अठ्ठावन्न. धंदा: शिवणकाम. राहणार: औषधाच्या दुकानावरची मागची खोली.

मी ठाण्यात समक्ष उभी राहून सांगते ती हकीकत अशी. साहेब बसा म्हणाले, पण मला बसवत नाही.

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. मला एकच मुलगी. तिचे लग्न मी ठरवले, ते तिला नको होते. ती न सांगता निघून गेली. ती बेपत्ता असल्याची तक्रार मी याच ठाण्यात दिलेली आहे.

आज दुपारी गिऱ्हाइकाचा कोट पोचवून येताना मी चौकातल्या बेकरीत शिरले. काउंटरवर बशीत चव पाहायला पेस्ट्रीचे तुकडे ठेवले होते. फुकट ते पौष्टिक, म्हणून मी एक तोंडात टाकला. तो सफरचंदाचा होता व त्यात मिरपूड होती.

मिरपुडीचा खुलासा असा. आमच्या घरी दालचिनीचा आणि मिरपुडीचा डबा सारखाच. एकदा घाईत मी सफरचंदात दालचिनीऐवजी मिरपूड घातली. मुलगी म्हणाली, "आई, भारी लागतंय गं, आता असंच करायचं." तेव्हापासून आम्ही दोघी तसेच करतो. दुसरे कोणी असला उपद्व्याप करत असेल असे मला वाटत नाही.

खात्री व्हावी म्हणून मी दुसरा तुकडा खाल्ला, मग तिसरा. काउंटरवरची बाई म्हणाली, "मावशी, चव घ्या म्हटलं, जेवा नाही म्हटलं." मी विचारले, "हे केलं कोणी?" ती म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय? घ्यायचंय का बोला." मी बशी रिकामी केली व काउंटरची फळी उचलून थेट भट्टीच्या खोलीत गेले. जाताना धक्क्याने एक ट्रे पडला, हे खरे आहे.

आत माझी मुलगी पीठ लाटत होती. केस कापलेत. वाळली आहे. बेकरीवाल्याने तिला विचारले, "या बाईंना ओळखतेस?" ती मान वर न करता म्हणाली, "नाही." बेकरीवाल्याने इकडे ठाण्यात फोन लावला. मी तशीच उभी राहिले. मग ती काउंटरवरच्या बाईला म्हणाली, "अगं, त्यांना आधी पाणी दे. मिरी खाल्ली की उचकी लागते त्यांना."

तोपर्यंत मला उचकी लागलेली नव्हती.

साहेब विचारतात, ती नाही म्हणते, मग तुमचीच कशावरून? ओळखत नाही म्हणे, आणि माझी उचकी बरी ठाऊक! बेपत्ताची तक्रार बंद करावी. तिला मात्र इथे बोलावू नये, हात जोडते. मी उद्या परत जाईन, पण फळीच्या अलीकडेच उभी राहीन.

वरचा मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला व मी ऐकला. तो मी सांगितला तसाच आहे. पाणी प्यायले तरी उचकी थांबत नाही, म्हणून सही वेडीवाकडी आली आहे.