पेनाचा आकडा

टेस्ट ट्यूब बेबीच्या त्या दवाखान्यात बाकडी पाठीला पाठ लावून मांडलेली. नवऱ्यासोबत रिपोर्टची वाट बघणाऱ्या ग्रंथपालबाईंना मागच्या जोडप्याचं भांडण ऐकू आलं नसतं तरच नवल.

“नर्सनं विचारलं, जास्तीचा डोस घेतला का? मी छातीठोकपणे नाही म्हटलं!”

“हळू बोल गं.”

“का हळू? हार्मोन एकदम एवढं कसं वाढलं? रोज सुई तूच टोचतोस.”

“पहिला रिपोर्ट कमी आला होता ना... मग इंजेक्शनच्या पेनावरचा डोसाचा आकडा जरा पुढे नेला.”

“कुणाला विचारून?”

“चार अंडी जास्त मिळाली तर बरंच की!”

“डॉक्टरांनी मुद्दाम कमी डोस ठेवला होता, अंगाला झेपेल एवढाच. मी काय चहाचं आधण आहे, वरून साखर टाकायला? मी भीतीनं डोळे मिटते आणि तू आकडा फिरवतोस!”

“चांगल्यासाठीच केलं.”

“पोट माझं फुगलंय! आता या वेळचं सगळं रद्द झालं तर?”

“डॉक्टरांना नको सांगूस.”

“मी नाहीच सांगणार. तू सांगशील, माझ्यासमोर.”

नर्सनं हाक मारली. दोघं आत गेली.

“काय एकेक महाभाग असतात!” ग्रंथपालबाईंचा नवरा हसला.

बाईंनी त्याच्या मांडीवरची इंजेक्शनांची पिशवी उचलली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली.