सासऱ्यांसमोर ओठ हलवू नये

माझ्या सासऱ्यांसमोर तुम्ही कुजबुजूसुद्धा नका. पुलगावच्या मिलमध्ये मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले, पुढे मिलही बंद पडली. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. नागपूरच्या नोकरीला हो की नाही, ते मला त्याच दिवशी कळवायचं होतं. जेवताना मी आवाज न काढता नवऱ्याला म्हटलं, “नोकरीचं बाबाले विचार ना!”

त्यानेही नुसते ओठ हलवले, “आज नको. बाबा चिडतीन.”

सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

“मिलमंधी आम्ही सारे ओठ पाहूनच बोलत होतो,” ते म्हणाले. “सूनबाई, तू जाजो नोकरीले.” मग पोराकडे वळून गरजले, “अन् मी कवा चिडतो रे?”

शेजारच्या काकू धावत आल्या.