खुर्च्यांची अदलाबदल

हसू नका, पण दोन देशांचं भांडण म्या भाटघरला भात वाढता वाढता बघितलंय. देशाच्या धोरणांचा अभ्यास करणारी एक संस्था धरणाकाठी उतरली होती, अन् जेवणाची ऑर्डर माझी. एका नदीवरून दोन देश भांडतायत, असं धरून वाद चाललेला. वरच्या देशाकडनं एक मॅडम अशा तावातावानं बोलत होत्या, की मी पातेलं घेऊन तसाच उभा. जेवणं झाली अन् सगळ्यांनी खुर्च्या बदलल्या. आता त्याच मॅडम खालच्या देशाकडनं, तितक्याच जीव तोडून!

म्या विचारलं, "मॅडम, मग खरं कुणाचं?"

"आधी समोरच्याची बाजू मांडता आली पाहिजे. खरं-खोटं मग."

सामायिक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून माझं अन् चुलतभावाचं, बाळूचं, वाजलेलं. घरी येऊन त्याला ओट्यावर बसवलं. म्हटलं, "आज तू माझ्याकडनं बोल."

बाळूनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग खाली बघत म्हणाला, "मी ऑर्डरीला गेलो, की रातच्या पाळीला बायको एकटीच विहिरीवर जाती. तिला लई भ्या वाटतं. मला दिवसाची पाळी पायजे."

आईशप्पथ, एवढं भांडलो, पण हे म्या त्याला कधी सांगितलंच नव्हतं.