रविवारची घंटा

(फिनलंडमधलं तळ्याकाठचं एक घर. फेब्रुवारीतला मंगळवार, दुपार. स्वयंपाकघरात लेम्पीबाई आणि गावचे पाळक वेसा. बाहेर कुणीतरी लाकडं फोडतंय.)

वेसा : लेम्पीबाई, माझं ऐकून तरी घ्या.

लेम्पी : ऐकतेच आहे. आधी बूट दाराशी काढा. बर्फ वितळलं की फरशी मलाच पुसावी लागते. मेले असते तर गोष्ट वेगळी होती.

वेसा : त्याबद्दलच माफी मागायला आलोय.

लेम्पी : मागा. पण नक्की कशाची ते एकदा स्वच्छ होऊ द्या. रविवारी तुम्ही वेदीपुढं उभे राहिलात. महिन्याभरात मंडळीतून जे देवाघरी गेले त्यांची नावं वाचलीत. त्यात माझं वाचलंत. वर माझ्या नावानं घंटा वाजवलीत. असंच ना?

वेसा : असंच. वारल्या त्या लेम्पी कांगास. वृद्धाश्रमातल्या. कागदावर नाव बरोबर होतं. तोंडातून मात्र तुमचं, लेम्पी कांगासनिएमी गेलं.

लेम्पी : का गेलं?

वेसा : खरं सांगू?

लेम्पी : तुमचा पेशा बघता तेच बरं.

वेसा : आठवडाभर डोक्यात तुमचंच नाव घोळत होतं. उपासना दुपारी एकला का ठेवली म्हणून तुमचा फोन. शिवणमंडळाच्या खोलीत हातमोजे विणता विणता थंडीनं बोटं आखडतात म्हणून फोन. गुरुवारच्या म्हाताऱ्यांच्या जेवणात वाटाण्याचं सूप पातळ झालं म्हणून फोन. गायकवृंदाचा सराव चालू असताना फोन, की गायकवृंद बेसूर गातोय.

लेम्पी : म्हणजे माझ्या मरणाला मीच जबाबदार.

वेसा : तसं नाही हो. मी थकलोय एवढंच. तीन चर्चेस, मी एकटा. दहाला तिकडं, एकला इकडं, मधे गाडीत बसून सँडविच खायचं.

लेम्पी : दुपारी एक ही काय उपासनेची वेळ आहे? ना जेवण धड, ना कॉफी धड. पूर्वी दर रविवारी दहाला घंटा व्हायची. आता महिन्यातून एकदा येता, आणि आलात की जिवंत माणसं मारता.

वेसा : शेवटच्या गीताच्या वेळी घंटा वाजवणाऱ्या सेप्पोनं येऊन कानात सांगितलं. लगेच सगळ्यांसमोर दुरुस्ती केली की मी.

लेम्पी : केलीत. 'लेम्पीबाई जिवंत आहेत' असं म्हणालात आणि मागे कुणीतरी हसलं. कोण हसलं तेही मला कळलंय. मी बिचारी चर्चशेजारच्या सभागृहात कॉफी ठेवत होते. घंटा ऐकली, मनात म्हटलं, अरेरे, कोण गेलं? पाव कापायचं थांबवून हातसुद्धा जोडले. स्वतःसाठीच प्रार्थना करून घेतली मी. इतक्यात म्हातारी एल्मा आत आली, पांढरीफटक. तिनं माझा गाल चाचपून बघितला. ऊब लागली तेव्हा कुठं खुर्चीवर बसली, आणि मग रागावली माझ्यावर. इतकं रडवलंस म्हणाली.

वेसा : एल्माबाईंकडेही जाऊन आलो.

लेम्पी : आणि तूरेकडं?

वेसा : तळ्यापलीकडच्या? त्यांचं काय?

लेम्पी : तूरे शेवटचं गीत कधी ऐकत नाही. त्याआधीच सटकतो, म्हणजे कॉफीला थांबायला नको आणि मदतनिधीच्या सोडतीची तिकिटं घ्यायला नकोत. त्यानं नाव ऐकलं, घंटा ऐकली आणि गेला घरी. तुमची दुरुस्ती राहिली चर्चमध्ये. जाता जाता शेजारच्या घरात सांगून गेला, की तुझी बहीण गेली.

वेसा : कुणाची बहीण? थांबा. बाहेर लाकडं कोण फोडतंय?

लेम्पी : माझा भाऊ. तोइवो.

वेसा : तुम्हाला भाऊ आहे?

लेम्पी : रविवारपर्यंत नव्हता.

वेसा : म्हणजे?

लेम्पी : बसा. पाव घ्या, कालचा आहे पण मऊ आहे. आमची आई गेली तेव्हा तोइवो उत्तरेकडं जंगलतोडीच्या छावणीत होता. आई दोन-तीन दिवस नुसती त्याचंच नाव घेत होती. मी छावणीच्या कचेरीत फोन केला. कारकून म्हणाला, निरोप देतो. तोइवो आला तेव्हा आईचे डोळे मिटून झाले होते. तो म्हणाला, मला कुणी कळवलंच नाही. मी म्हटलं, फोन केला होता. तो म्हणाला, कारकुनाला विचारलं, असा फोन आलाच नाही. त्याला वाटलं मी खोटं बोलते, आईला एकटीच्या ताब्यात ठेवायचं होतं मला. मग मीच तडकले. तेव्हापासून तळ्याच्या त्या काठाला तो, या काठाला मी. दुकानात समोर आला तर तो दुधाकडं वळायचा, मी साबणाकडं.

वेसा : किती वर्षं?

लेम्पी : तुम्ही शाळेत असाल तेव्हा. परवा रविवारी माझ्या जिवंत असण्याचे फोन मी गावभर केले. त्याला केला नाही. आम्ही बोलतच नव्हतो, तर काय कळवायचं? कपबश्या धुवून, सभागृह झाडून घरी आले, अंधारायला लागलं होतं. बघते तर माझ्या घराच्या धुराड्यातून धूर.

वेसा : अरे देवा.

लेम्पी : मलाही आधी चोरच वाटला. पण चोर चूल कशाला पेटवेल? आत गेले. तोइवो काळा सूट घालून माझ्या फुलझाडांना पाणी घालत होता. गोठलेल्या तळ्यावरून चालत आला होता, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत गोठून कडक झालेले. किल्ली आई ठेवायची तिथंच मी ठेवते, ते त्याला ठाऊक. मी दारात उभी. त्यानं माझ्याकडं पाहिलं. हातातलं भांडं कलतं झालं, पाणी सांडत राहिलं. मी म्हटलं, माझ्या घरात काय करतोयस? तो म्हणाला, तूरे म्हणाला तू मेलीस. मी म्हटलं, पाळकांची चूक झाली. त्यानं भांडं खाली ठेवलं, म्हणाला, घर गार पडलं असतं तर पाणी गोठून नळ फुटले असते.

वेसा : एवढंच?

लेम्पी : डोळे सुजलेले होते त्याचे. म्हणून मीही जास्त विचारलं नाही. कॉफी टाकली. दोघं बसलो. दुसरा कप झाला तेव्हा म्हणाला, सबंध तळं ओलांडताना मनात एकच होतं, या वेळीही मला सगळ्यांच्या शेवटी कळलं. आता इतकं झाल्यावर मला राहवेना. म्हटलं, तोइवो, मी तेव्हा खरंच फोन केला होता. तर म्हणतो, माहीत आहे.

वेसा : माहीत आहे?

लेम्पी : तो कारकून त्याला पुढं कधीतरी दवाखान्यात भेटला होता. म्हातारा झाला होता, आजारी होता. त्यानं स्वतःहून सांगितलं, की तुझ्या बहिणीचा फोन आला होता, मी विसरलो, आणि मग भीतीनं खोटं बोललो. मी विचारलं, हे कधीचं? तर म्हणे, झाली असतील आठ-नऊ वर्षं. आठ-नऊ वर्षं, पाळकसाहेब. मी म्हटलं, अरे मग इतकी वर्षं तोंड शिवून का बसलास? तर म्हणतो, सुरुवात कशी करायची ते सुचेना.

वेसा : मग तुम्ही काय केलंत?

लेम्पी : हातातलं फडकं फेकून मारलं. साबणाच्या कपाटापाशी नुसतं 'बरं आहे ना' म्हणाला असता तरी चाललं असतं. नाही. मी मरायला हवं होतं. आणि तेही स्वतःहून जमलं नाही, त्याला तुम्ही लागलात.

वेसा : म्हणजे झालं ते... एका परीनं...

लेम्पी : चांगलं झालं असं म्हणू नका. अजून रागच आहे मला. तुमच्यावर आहे, त्याच्यावर त्याहून जास्त. काल आला, आज आला, तोंडातून चार शब्द नाहीत, नुसती लाकडं फोडतोय. पुढच्या हिवाळ्याचीसुद्धा झाली असतील. आला बघा. पाय झटक, तोइवो. हे पाळकसाहेब.

तोइवो : हं.

वेसा : नमस्कार. तुमची पण मला माफी मागायची होती.

तोइवो : असू दे.

लेम्पी : घ्या. एवढ्यासाठी मी फडकं फेकलं.

वेसा : लेम्पीबाई, पुढच्या महिन्याच्या उपासनेत मी पुन्हा एकदा नीट खुलासा करतो. म्हणजे कुणाच्या मनात काही राहायला नको.

लेम्पी : माझा खुलासा मी सगळ्या गावाला दिलाय. मला वेगळंच सांगा. त्या दुसरीचं काय झालं?

वेसा : कोण दुसरी?

लेम्पी : जी खरोखर गेली ती. तिचं नाव वाचलंत का नंतर?

वेसा : ते... गोंधळात राहिलं. पुढच्या महिन्यात वाचणार आहे.

लेम्पी : दफन?

वेसा : मागच्या आठवड्यात झालं. मी होतो, सेप्पो होता, वृद्धाश्रमातली एक परिचारिका होती. नातेवाईक कुणी नाहीत.

लेम्पी : आणि मला सांगितलं नाहीत. वाटाण्याच्या सुपासाठी मी फोन करते, तेव्हा सांगता आलं असतं. कॉफी केली असती.

वेसा : तुमची ओळख होती?

लेम्पी : बघितलंसुद्धा नव्हतं कधी. पण नावं सारखी, म्हणून तिची नाताळची कार्डं पोस्टमन माझ्याकडं टाकायचा. मी परत पाठवायचे. आधी बरीच यायची. मग दोन-तीन. मग येईनाशी झाली. तेव्हा मला बरं वाटलं होतं, कटकट गेली म्हणून.

वेसा : माझ्या लक्षातच आलं नाही. सगळेजण तुमचंच बोलत होते, मीही तुमच्याच मागे.

लेम्पी : सेप्पोला फोन लावा. घंटा आज वाजवायची.

वेसा : आज? मंगळवारी? चर्च गोठलंय, लेम्पीबाई. तापायला दीड दिवस लागतो. आणि साडेचारला मला तिकडच्या चर्चमध्ये मुलांचा वर्ग आहे.

लेम्पी : कोट घालून बसू. नाव वाचायला किती वेळ लागतो? या वेळी कागदावर बोट ठेवून वाचा.

वेसा : बरं. लावतो फोन. पण सेप्पो सोडून आपण दोघंच असणार तिथं.

तोइवो : तिघं.

लेम्पी : तू कशाला? पाच मिनिटं बसलास तर गुडघे धरतील तुझे. तुझी कोण लागत होती ती?

तोइवो : कुणी नाही. पण कळलंय ना मला. मग यायला हवं.