साखर मिठाच्या डब्यात

बसच्या रांगेत आजीच्या पुढे एक बाई उभी होती. पायाशी पिशवी, कानाला फोन. आजीने कान टवकारले.

"अहो, साखर मिठाच्या डब्यात आहे. पोरं फस्त करतात म्हणून लपवलीय. मीठ? ते खिडकीतल्या बरणीत. येते ना मी परवा!"

फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला.

"बोल गं मैत्रिणी! नाही गं, या वेळी नक्की. मागे दोनदा रांगेतूनच परत फिरले, माहीत आहे मला. काय? आज नाही आले तर कायमची कट्टी?"

समोर बस येऊन थांबली आणि फोन तिसऱ्यांदा वाजला.

"अहो, दूध उतू गेलं म्हणून परत येऊ? धाकटी रडतेय? बरं बरं, येते."

बाईने पिशवी उचलली. आजीने तिचा दंड धरला आणि फोनच काढून घेतला.

"मी मागची म्हातारी बोलतेय. धाकटीला कडेवर घ्या आणि ओटा पुसा. काय? साखर अजून सापडली नाही? अहो, मिठाच्या डब्यात! अख्ख्या रांगेला पाठ झालं, तुम्हालाच तेवढं होईना!"

तिने फोन बंद करून बाईच्या पिशवीत टाकला.

"चढ आता. कट्टी सोडवायला मी यायची नाही."