आग्रा रोडची उंची

धुळ्याचा आग्रा रोड किती रुंद झाला ते तुम्ही सांगत बसा. माझं कापडाचं दुकान त्याच्यावर आहे, मला तो फक्त उंच झालेला दिसतो. जुनं डांबर कोणी खरवडत नाही, त्याच्यावरच नवा थर टाकतात. आजोबांनी बांधलेल्या पायऱ्या एकेक करून रस्त्याच्या पोटात गेल्या. आता गिऱ्हाईक दुकानात चढत नाही, उतरतं.

परवा भडगावचे नाना नातीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आले. आजोबांच्या वेळचं गिऱ्हाईक, सोबत जीपभर बायका. नानांनी जुन्या सवयीने पायरी चढायला पाय उचलला आणि थेट आत गादीवर येऊन आदळले. बस्त्यालाच अपशकुन झाला म्हणत दोघीजणी परत जीपकडे निघाल्या.

मी पाणी दिलं. नाना गुडघा चोळत म्हणाले, "भाऊ, हाई दुकान शे का इहीर?"

"नाना, दुकान जठे व्हतं तठेच शे. रस्ताच वर चढना."

नानांनी सगळ्याच बायकांना हाक मारली, "या वं बठ्ठ्या! मी पडनू, नवरी नही पडनी."

बस्ता झाला. निघताना दुकानातल्या दोघा पोरांनी हात धरून नानांना वर रस्त्यावर काढलं. समोर ठेकेदाराची माणसं नव्या थरासाठी खडी ओतत होती. नाना बघत राहिले.

"भाऊ, नातूना लगीनले आम्ही तुना माळ्यावरतीनच यीसूत."

सगळे हसले. मीही हसलो. आणि संध्याकाळी खालच्या कप्प्यातले शालू माळ्यावर चढवायला घेतले.