फोटोमागचं नाव

आईचा फोटो मोठा करायला दिला होता, तो घ्यायला मी स्टुडिओत बसले होते. शेजारी एक साठीचे गृहस्थ आणि त्यांची थोरली बहीण वंशावळीसाठी जुने फोटो निवडत होते.

“ताई, हा मी ना? मागं आईच्या अक्षरात माझंच नाव आहे.”

“असशील. ठेव बाजूला.”

“पण साल बघ. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.”

“आईचं आणि आकड्यांचं कधी जमलंय?”

“बाळ तुझ्या मांडीवर आहे, आणि तुझे पुढचे दात पडलेत. मी झालो तेव्हा तू चांगली दहा वर्षांची होतीस.”

“एवढं डोळ्यांत तेल घालून बघायला कुणी सांगितलं होतं तुला?”

“कोण हा?”

“तुझ्या आधीचा. आईनं त्याचंच नाव तुला ठेवलं.”

“आणि इतकी वर्षं तू बोलली नाहीस?”

“तुला कळलं तर तूही जाशील, असं तिला वाटायचं. पुढं मलाही वाटायला लागलं.”

“कशानं गेला?”

“कशानंच नाही. ताप नाही, खोकला नाही. दुपारी दूध पिऊन झोपला, तो उठलाच नाही.”

“केवढा होता?”

“तुझ्या नातवाएवढा. म्हणून तर हा फोटो खाली दडपत होते मी.”

गृहस्थांनी मोबाइल काढून घरी फोन लावला.

“सूनबाई, बाळ काय करतंय? झोपलंय? कधीपासून? नाही गं, काही झालं नाही. जरा उठव त्याला. रडलं तर रडू दे. मला ऐकू येऊ दे.”